शाब्लोंचं वळण

मी एक जुना रस्ता आहे, मित्रांनो. आल्प्सच्या डोंगरांत वाल्नेव नावाचं एक अरुंद खोरं आहे. तिथे नदीवरच्या दगडी पुलापाशी मी सुरू होतो आणि प्राझ गावावरून गाईंच्या कुरणांपर्यंत चढत जातो. तिथे मी संपतो. पुढे हिमनदी आहे, पण तिच्याशी माझी ओळख नाही. सरळ जाणं मला जमत नाही, त्यामुळे माझी गोष्टही वळणं घेत जाईल. दम लागला तर मध्ये थांबा. माझ्यावर सगळेच थांबतात, त्यात लाज कसली.

माझी आखणी करायला शहरातून एक गृहस्थ आले होते. त्यांनी कागदावर मोजक्या वळणांचा एक देखणा रस्ता काढला आणि गावकऱ्यांना विचारलं, खोदायला माणसं मिळतील का? मिळतील, गावकरी म्हणाले, पण रस्ता आमच्या दारावरून गेला पाहिजे. हे प्रत्येक घराने सांगितलं. आणि प्राझची घरं तर अशी पसरली आहेत की जणू कुणी वरून मूठभर चणे भिरकावले असावेत. शेवटी मी सगळ्यांच्या दारांवरून गेलो. म्हणून मला इतकी वळणं आहेत. त्यातलं एक वळण केवळ एका म्हातारीला खिडकीतून बघायला काहीतरी असावं म्हणून घेतलेलं आहे. ते माझं सर्वांत सुंदर वळण.

तेव्हापासून गावाचा एक रिवाज पडला. ज्याच्या दारावरून वळण, त्याने ते सांभाळायचं. पेरुकेंचं वळण पेरुके झाडणार, क्वाझांचं वळण क्वाझ झाडणार. प्रत्येक वळणावर एक लाकडी खांब आहे, खांबाला आकडा, आकड्याला त्या घराचा काटक्यांचा झाडू. दुसऱ्याच्या झाडूला हात लावणं आमच्याकडे फार वाईट समजतात. कुणाच्या घरात शिरून त्याची भांडी घासल्यासारखं ते होतं.

उन्हाळा सरताना, गाई कुरणांवरून खाली यायच्या आधी, रस्त्याचा दिवस असतो. त्या दिवशी सगळं गाव माझ्यावर उतरतं, आपापलं वळण झाडतं, चर मोकळे करतं, आणि काम संपलं की गावातल्या कारंज्यापाशी गोल बसून दोस्तीचा प्याला फिरवतं. हा प्याला लाकडाचा, झाकणाचा, आणि त्याला चहूबाजूंनी प्यायची तोंडं असतात. आत गरम कॉफी, साखर, संत्र्याची साल आणि मोठ्यांनीच प्यावं असं आणखी काहीतरी असतं. नियम दोनच. प्याला सूर्य फिरतो त्या दिशेने पुढे जातो, मागे येत नाही. आणि रिकामा होईपर्यंत तो खाली ठेवायचा नाही, बैठक मोडायची नाही. ठेवला, तर गावात भांडण शिरतं म्हणतात. हे नियम लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे माझा जीव त्यांच्यावर टांगणीला लागणार आहे.

तरुणपणी मी खूप काम केलं. माझ्यावरून चीजच्या चकत्या खाली गेल्या, प्रत्येक चकती बैलगाडीच्या चाकाएवढी. माझ्यावरून नवऱ्या मुली वर आल्या आणि शाळेची पोरं खाली घसरत गेली, काही पोरं पुस्तकांवर बसून. टपालाची पिवळी बस प्रत्येक वळणावर शिंग फुंकल्यासारखा भोंगा वाजवायची आणि खोरं तिला उत्तर द्यायचं. डांबर पडलं त्या दिवशी म्हाताऱ्यांनी मला काठीने टोचून पाहिलं आणि "टिकणार नाही" असं सांगितलं. मी टिकलो. लोक म्हणायचे, हा रस्ता नसता तर प्राझ हे गाव नसतं, नुसता एक अंदाज असता.

मग नदीच्या पलीकडून नवा रस्ता आला. सरळ, रुंद, पोटात बोगदा असलेला. बस तिकडे गेली, ट्रक तिकडे गेले, पर्यटक तिकडे गेले आणि अंधारातून खोरं बघत पुढे निघून गेले. मी एकटा पडलो. माझ्या मधोमध गवत उगवलं. दुपारी एक कोल्हा माझ्यावर येऊन झोपायचा. तो घोरायचा. एकेकाळी ज्याच्यावरून सगळी वरात जायची, त्याच्यावर आता कोल्हा घोरतोय, हे बरं वाटत नाही. पण कोल्ह्याला हाकलणार कोण? मला हात नाहीत.

आणि एक दिवस एक माणूस चुकून माझ्यावर आला. तो सायकलवर होता. बोगद्याच्या तोंडाशी सायकलींना मनाई असल्याची पाटी वाचून तो वैतागला होता आणि पूल ओलांडून माझ्याकडे वळला होता. पहिली काही वळणं तो बोगद्याला नावं ठेवत चढला. मग गप्प झाला. मला वाटलं, दमला. पण लार्चचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांचं जंगल संपतं तिथे एकदम आभाळ उघडतं. समोर हिमनदी दुधाच्या सायीसारखी पसरलेली असते, खाली नदी दोऱ्याएवढी होते आणि नुकतं कापलेलं गवत वाळत असतं, त्याचा वास येतो. तो पाय टेकून उभा राहिला, बराच वेळ. मग स्वतःशीच म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही."

पुढच्या रविवारी तो सगळ्यांना घेऊन आला.

सायकल ही माझ्या मते माणसाने केलेली सर्वांत सभ्य वस्तू आहे. ती गुरगुरत नाही, धूर सोडत नाही आणि तिच्या साखळीचा आवाज असा, की कुणीतरी अगदी हळू सुपारी कातरतंय. तिच्यावर बसलेला माणूस खाली पुलापाशी मोठ्या दिमाखात असतो. प्रत्येक वळणावर तो दिमाख थोडाथोडा गळून माझ्यावर पडतो. प्राझला पोचेपर्यंत त्याचा अगदी चांगला माणूस झालेला असतो. तो कारंज्याचं पाणी पितो आणि अनोळखी म्हाताऱ्यांना नमस्कार करतो.

त्यांचं बोलणंही मला आवडतं.

"हा चढ संपतो कुठे रे?"

"त्या वळणानंतर."

"हे तू मागच्या वळणालाही म्हणालास."

"मागच्या वळणाला खोटं बोललो. आता अंदाज सांगतोय."

उतरताना मात्र कुणी बोलत नाही. सकाळी लार्चच्या सावल्या माझ्यावर आडव्या पडलेल्या असतात, कडेच्या चरातून पाणी माझ्याबरोबर धावतं, आणि ते सगळे एकामागे एक, पाखरांसारखे एका बाजूला कलत, वळणावळणाने खाली जातात. त्या वेळी मला माझी सगळी वळणं कळतात. इतकी वर्षं ती नुसती माझ्याकडे होती.

एकच गोष्ट त्यांना कधी समजली नाही. माझ्यावर जागोजागी पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "चल पुढे, मिराबेल." सायकलवाल्यांना वाटतं, ही कुणीतरी मोठी सायकलपटू असणार, बहुतेक याच गावची. एकजण तर दुसऱ्याला सांगत होता की त्याने तिला शर्यतीत पाहिलंय, चढावर तिला तोड नाही.

मिराबेल ही गाय आहे.

आमच्या खोऱ्यात गाई कुस्ती खेळतात. त्यांना कुणी शिकवत नाही, ते त्यांच्या रक्तातच आहे. शिंगाला शिंग लावायचं, ढकलायचं, आणि जी तोंड फिरवेल ती हरली. कुणाला लागत नाही, फक्त मालकांना लागतं. जी शेवटपर्यंत तोंड फिरवत नाही ती राणी, आणि तिच्या गळ्यात मोठी घंटा बांधतात. मिराबेल सुल्पीस शाब्लोची. आणि तिची सख्खी बहीण तेम्पेत, ती सुल्पीसच्या सख्ख्या बहिणीची, ओझेलीची. भाऊबहीण एकाच घरात, एकाच चुलीवर जेवायचे. ओझेली मोठी, उंच, बोलायला धारदार. सुल्पीस धाकटा, मिशाळ, आणि वादात नेहमी एक वाक्य उशिरा पोचणारा.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या कुस्तीत मिराबेल आणि तेम्पेत समोरासमोर आल्या. सगळं खोरं श्वास रोखून बघत होतं. दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि मान चाटायला सुरुवात केली. पंच थांबले. गाई चाटत राहिल्या. शेवटी मिराबेलच्या कानावर माशी बसली आणि तिला उडवायला तिने तोंड फिरवलं. पंचांनी घंटा तेम्पेतला दिली.

त्या संध्याकाळी दोघं माझ्यावरूनच घरी परत आले, म्हणून सगळं मला तोंडपाठ आहे.

"माझी गाय माशीमुळे हरली," सुल्पीस म्हणाला. "तुझ्या गाईमुळे नाही."

"मग घंटा माशीला द्यायला हवी होती," ओझेली म्हणाली. "तिच्या मापाची होती का बघ."

तिने हसून म्हटलं होतं. तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात घरात दुसरी चूल मांडली गेली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. गाई मात्र अजून एकत्रच चरतात.

घराचे दोन भाग करता येतात, मित्रांनो, वळणाचे कसे करणार? शाब्लोंचं वळण गावाच्या जरा खाली, एका म्हाताऱ्या कड्याच्या पायथ्याशी आहे. तो कडा रोज थोडीथोडी खडी माझ्यावर टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नाही, त्याचं वय झालंय. सुल्पीसचं म्हणणं, वळण मोठ्या भावंडाकडे जातं, म्हणजे ओझेलीकडे. ओझेलीचं म्हणणं, ज्याच्याकडे जुनी चूल त्याच्याकडे वळण, म्हणजे सुल्पीसकडे. सुरुवातीला दोघांनी माझ्यावर मधोमध रंगाने रेघ मारली आणि आपापली बाजू झाडली. पण झाडलेली खडी टाकायची कुठे? तो तिच्या बाजूला टाकायचा, ती त्याच्या. त्या उन्हाळ्यात त्या खडीने माझ्यावर जितका प्रवास केला तितका एखाद्या सायकलवाल्यानेही केला नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी झाडणंच सोडलं. शाब्लोंचा झाडू आकड्यावर वाळत राहिला. प्राझचे सरपंच आन्सेल्म क्वाझ, पोटाने मोठे आणि आवाजाने लहान, एकदा आपला स्वतःचा झाडू घेऊन तिकडे गेले. त्यांनी दोन हात मारले असतील नसतील, घराची दोन्ही दारं उघडली. एका दारात सुल्पीस उभा राहिला, दुसऱ्या दारात ओझेली. सरपंचांनी झाडूकडे असं पाहिलं जणू तो त्यांना वाटेत सापडला होता, आणि ते घरी गेले.

मग एक सायकलवाला त्या खडीवर घसरून पडला. भला माणूस होता, पडतानासुद्धा "माफ करा" म्हणाला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मी त्याला सावरू शकलो नाही, आणि माझ्यावर कुणी पडलं की मला ते फार दिवस जाणवत राहतं.

रस्ते खात्याकडून निरोप आला. खात्याची माणसं नव्या रस्त्यालाच पुरत नाहीत, जुना रस्ता गावाने धड ठेवला तर ठीक, नाहीतर पुलापाशी लोखंडी फाटक बसेल. सायकली बंद, आणि नंतर हळूहळू सगळंच बंद. इंजिनिअर येऊन बघेल आणि तिथल्या तिथे ठरवेल.

"मग गाई खाली कुठून आणायच्या?" लोकांनी विचारलं.

"ट्रकमधून. बोगद्यातून," आन्सेल्म म्हणाले.

आमच्या गाई कुरणांवरून उतरतात तेव्हा त्यांच्या शिंगांवर फुलांचे मुकुट असतात, राणी सर्वांत पुढे असते आणि घंटांनी सगळं खोरं भरून जातं. मुकुट घालून ट्रकमध्ये बसलेली गाय डोळ्यांपुढे आणून बघा. लोकांना वाटेल, लग्नाला उशीर झालाय म्हणून गाडी करून निघाली.

माझं काय होणार हे मला ठाऊक होतं. फाटक लागलेले रस्ते मी पाहिलेले नाहीत, कारण ते आता रस्ते नाहीत.

इंजिनिअर आली ती रस्त्याच्या दिवशीच, आणि सायकलवर. नोएमी तिचं नाव. उन्हाने नाक सोललेलं, पाठीवर लहानशी पिशवी. ती माझ्यावरून शांतपणे चढली. जंगल संपतं तिथे ती थांबली, आणि जे सगळे करतात तेच तिने केलं, म्हणजे काहीच केलं नाही, नुसती उभी राहिली. एकेक वळण स्वच्छ झाडलेलं होतं. शाब्लोंच्या वळणावर मात्र तिचं मागचं चाक सरकलं. ती उतरली आणि सायकल हातात धरून खडीतून चालत गेली. तिच्या बुटांखाली खडी करकरली.

कारंज्यापाशी गाव गोल बसलं होतं. प्याला नुकताच भरला होता. आन्सेल्म नेहमी सुल्पीस आणि ओझेलीच्या मध्ये बसत. गेली दोन वर्षं त्यांचं सरपंचपद मुख्यतः तेवढ्याचसाठी होतं. पाहुणी दिसताच ते उठले.

"या, इथे बसा. मानाची जागा आहे."

"मी त्या उन्हात बसते," नोएमी म्हणाली, "घाम आलाय, गारठेन." आणि ती समोरच्या बाजूला जाऊन बसली.

पाहुण्याला एकटं बसू देणं सरपंचाला शोभत नाही. आन्सेल्म तिच्या शेजारी गेले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. सुल्पीस आणि ओझेलीच्या मध्ये आता फक्त रिकामी फळी होती.

"रस्ता सुंदर आहे," नोएमी म्हणाली. "मी खात्यात लागल्यापासून असा दुसरा पाहिला नाही. इतकी शांतता, की मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकून मला माझी काळजी वाटली." लोक हसले. "पण ते गावाखालचं वळण."

लोक हसायचे थांबले.

"मी तिथे उतरून चालले. जिथे इंजिनिअर उतरून चालते तिथे मी लोकांना सायकल चालवू देऊ शकत नाही. कुणाचं आहे ते वळण?"

"शाब्लोंचं," सगळे म्हणाले.

"शाब्लो कोण?"

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

प्याला निघाला. नोएमी प्यायली, आन्सेल्म प्यायले, पेरुके मंडळी प्यायली, आणि सूर्याच्या दिशेने तो सुल्पीसच्या हातात आला. सुल्पीस प्यायला. आता पुढे ओझेली. ती समोरच्या डोंगराकडे बघत बसली होती, जणू तो आज पहिल्यांदाच कुणी आणून ठेवला होता. सुल्पीसने प्याला मांडीवर धरून ठेवला.

"पुढे चालू दे, सुल्पीस," आन्सेल्म हळूच म्हणाले.

"देतो."

"गरम आहे रे, हात भाजतील."

"भाजू देत."

सुल्पीसने प्याला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

"जड होत असेल तर खाली ठेवा ना," नोएमी म्हणाली.

एका म्हातारीने छातीवर हात नेला. आन्सेल्मनी पाहुणीला नियम समजावून सांगितला, की भरला प्याला खाली ठेवला तर गावात भांडण शिरतं.

"म्हणजे सध्या गावात भांडण नाही?" नोएमीने विचारलं.

पेरुके मंडळी बुटांच्या नाड्या तपासू लागली.

"सरपंच," ओझेली डोंगराकडे बघतच म्हणाली, "जुन्या चुलीवाल्यांना सांगा, कॉफीची बर्फी पाडायची असेल तर घरी जाऊन पाडा."

"सरपंच," सुल्पीस म्हणाला, "मोठ्या भावंडांना सांगा," आणि नेहमीप्रमाणे पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही.

नोएमी उठली. "ढग येतायत, मला उतरायला हवं. उतरताना ते वळण पुन्हा एकदा नीट बघते. पण आत्ताच सांगते, फाटकाशिवाय दुसरं काही मला दिसत नाही. वाईट वाटतंय." तिने सायकल घेतली आणि चालू लागली.

गाव पेचात पडलं. प्याला रिकामा झाल्याशिवाय बैठक मोडता येत नाही, आणि पाहुणी तर बैठकीतलीच. तेव्हा पाहुणी चालली म्हणजे बैठकच चालली, असा अर्थ आन्सेल्मनी लावला. ते उठून तिच्या मागे निघाले. त्यांच्या मागे पेरुके, मग बाकीचे, मग दोन्ही हातांत प्याला धरून सुल्पीस, आणि त्याच्यापासून बरंच अंतर राखून ओझेली. वर येणारे दोन सायकलवाले कडेला थांबले.

"कसली मिरवणूक आहे?"

"कॉफीची," आन्सेल्म म्हणाले.

सायकलवाल्यांनी आदराने टोप्या काढल्या.

वळणावर येऊन नोएमी थांबली. तिने कड्याकडे पाहिलं, खडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खांबाशी जाऊन तिने आकड्यावरचा झाडू काढला आणि झाडायला लागली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यावर हिमकडे कोसळले आहेत. तेव्हाही इतकी शांतता पसरली नव्हती. पाहुणी बाई शाब्लोंचं वळण झाडत होती, शाब्लोंच्याच झाडूने, आणि सगळं गाव बघत होतं. तिला रिवाज ठाऊक नव्हता. तिला फक्त सायकल न घसरता खाली न्यायची होती.

सुल्पीसचा चेहरा बिटासारखा झाला. "बाई, राहू द्या. तो झाडू द्या इकडे."

त्याने एका हाताने झाडू धरला. दुसऱ्या हातात प्याला. एका हाताने त्याने झाडायला सुरुवात केली, तर खडी जागची हलेना आणि कॉफी माझ्यावर सांडायला लागली. त्याने मदतीसाठी मागे पाहिलं. आन्सेल्मनी हात खिशात घातले. पेरुकेंनी हात पाठीमागे बांधले. म्हातारीने आपले हात शालीत गुंडाळून घेतले. एवढी एकी मी या गावात माझ्या बांधकामानंतर पहिल्यांदाच पाहिली.

ओझेलीचे तेवढे हात मोकळे होते. ती चुलीपासून उठून तशीच बैठकीला आली होती आणि आता कमरेच्या एप्रनला उगाचच हात पुसत होती.

सुल्पीस तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"धर."

"कुणाशी बोलतोयस?"

"तुझ्याशी."

"मला नाव आहे. नातंही आहे."

सुल्पीसने प्याला आणखी पुढे केला.

"ताई, धर ना. भाजतंय."

तिने धरला. तिने एक घोट घेतला आणि थांबली.

"ही तर थंडगार आहे."

"असेल."

"मग भाजत काय होतं तुला?"

सुल्पीसने दोन्ही हातांत झाडू घेतला आणि तो झाडू लागला. दोन वर्षांची खडी होती. काटक्यांचा स्पर्श पाठीवर झाला तेव्हा, मित्रांनो, मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. बराच वेळ खाज सुटलेल्या जागी कुणीतरी अखेर हात फिरवला, एवढंच म्हणतो.

ओझेली प्याला धरून बघत उभी होती. ती गप्प राहणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कडेला राहिली."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढ. आणि उताराकडे लोट. बाबा काय इकडे लोटायचे?"

"बाबा तिकडेच लोटायचे."

"बाबा तुला बघूनच डोळे मिटायचे."

तिने प्याला आन्सेल्मच्या हातात दिला, तरातरा घरी गेली आणि जनावरांच्या गोठ्यातलं फावडं घेऊन आली. रंगाची जुनी रेघ अजून पुसट दिसत होती. ती रेघ ओलांडताना तिने तिकडे पाहिलंही नाही. खडी बादल्यांत भरली गेली, आणि ती भरताना गाईंचा विषय निघाला, आणि दोघं पुन्हा भांडले. पण आता एकमेकांशी भांडले. सरपंचांना कुणी काही सांगायला लावलं नाही. सरपंचांना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

प्याला हातोहात फिरून रिकामा झाला. शेवटचा घोट नोएमीने घेतला, आणि रिकामा प्याला कुणीतरी माझ्यावर, वळणाच्या अगदी मधोमध ठेवला. त्या लाकडाची ऊब मला आठवते. थंड कॉफीची ऊब कशी असेल, असं विचाराल. सुल्पीसला विचारा.

"ही मिराबेल कोण?" निघताना नोएमीने विचारलं. "सगळीकडे नाव दिसतं तिचं. फार जिंकते वाटतं."

"हरते," ओझेली म्हणाली.

"माशी असली तर," सुल्पीस म्हणाला. या वेळी त्याचं वाक्य वेळेवर पोचलं, आणि ओझेली हसली.

नोएमी काही न कळता सायकलवर बसली. पण ती खाली गेली नाही. आधी पुन्हा वर कारंज्यापर्यंत गेली, तिथून वळली, आणि शाब्लोंचं वळण सायकलवरून न उतरता, ब्रेक न आवळता, एका बाजूला कलून घेत खाली निघून गेली. तिची चाकं पुलापर्यंत एका सुरात वाजत गेली. फाटक आलं नाही. ते दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्याला लागलं असेल. त्या रस्त्याचं मला वाईट वाटतं. त्यालाही एखादंच वळण नडलं असणार.

काही दिवसांनी गाई माझ्यावरून उतरल्या. पुढे तेम्पेत, तिच्या गळ्यात घंटा, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून मिराबेल. दोघींच्या शिंगांवर एकसारखे मुकुट होते. लार्च तोवर सोनेरी झाले होते, आणि वारा आला की त्यांच्या सुया माझ्यावर पिवळ्या पावसासारख्या पडत होत्या. सायकलवाले कडेला पाय टेकून उभे होते. आमच्याकडे राणीला वाट द्यावी लागते, आणि ते त्यांनी न सांगता ओळखलं.

आता शाब्लोंच्या वळणावर नवा मजकूर रंगवलेला आहे. अक्षर दोन प्रकारचं आहे, अर्धं सुल्पीसचं, अर्धं ओझेलीचं. लिहिलंय, "चल पुढे, माशी." सायकलवाले धापा टाकत वर येतात, ते वाचतात, आणि मिराबेलला मागे टाकणारी ही कोण म्हणून आदराने मान डोलावतात.

तर मित्रांनो, कधी आलात माझ्याकडे, तर हळू या. खाऊचे कागद खिशात ठेवा. कारंज्याचं पाणी प्या, म्हाताऱ्यांना नमस्कार करा, आणि जंगल संपतं तिथे थोडं थांबा. आणि तुमच्याही वाट्याला कुठेतरी एखादं वळण आलेलं असेल, लहानसं, रोज थोडी खडी पडणारं. त्याचा झाडू वाळू देऊ नका. घरात अबोला असला तरी झाडा. अबोल्यात माणसाचं फक्त तोंड बंद असतं, हात दोन्ही मोकळेच असतात.